थीसिसमधलं उपकरण वॉर्डात न्यायचंय? मग सुरुवात अशी करा

बहुतेक मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या डिपार्टमेंटमध्ये एक कपाट असतं. वायरी लोंबणारी, थ्रीडी प्रिंटरवर घडवलेली, कुणाच्या तरी एमडीच्या नाहीतर एमटेकच्या थीसिससाठी केलेली उपकरणं त्यात धूळ खात पडलेली असतात. त्यातली काही खरंच चांगली असतात. थीसिस मंजूर होतो, पेपर छापून येतो, विद्यार्थी पुढच्या नोकरीला लागतो आणि ज्या पेशंटसाठी हा सगळा खटाटोप केला त्याच्या हाती काहीच लागत नाही. मला या कपाटाचा मनापासून त्रास होतो. माझंही एक उपकरण अशा कपाटात दोन वर्षं पडून होतं.

रेसिडेन्सी करणारे डॉक्टर, बायोमेडिकलचे इंजिनिअर, पीएचडी करणारी मुलं-मुली अशा नव्याने या वाटेला लागणाऱ्यांसाठी हे लिहितेय. 'संशोधनाचं व्यापारीकरण' म्हटलं की आपल्याकडचे बरेच डॉक्टर बिचकतात, पैशाचा वास येतो म्हणतात. मला त्याचा अर्थ एवढाच कळतो की ती वस्तू कुणीतरी नियमाने बनवतंय, कुणीतरी विकत घेतंय आणि बिघडली तर कुणीतरी दुरुस्त करून देतंय. यातलं एक जरी नसलं, तरी पेशंटपर्यंत काही पोचत नाही. मी मुख्यतः उपकरणांबद्दल बोलणार आहे. औषधांचा आणि लसींचा रस्ता कितीतरी लांबचा, पण सुरुवातीची वळणं तीच.

पहिली पायरी: वॉर्डात रात्र काढा

आमचं उपकरण सलाईन संपत आली की सूचना देणारं होतं. कल्पना कॉलेजच्या लॅबमध्ये सुचली आणि तिथेच आम्ही ते बनवलं. सलाईनच्या ड्रिप चेंबरवर अडकवायची चिमटी, थेंब मोजणारा सेन्सर आणि शेवटी जोरात वाजणारा बझर. डेमोला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग एका उपजिल्हा रुग्णालयात रात्रपाळीला बसले. तीस खाटांचा वॉर्ड, दोन सिस्टर. ५०० मिलीची बाटली ४ तासांत द्यायची म्हणजे तासाला १२५ मिली. साध्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. सिस्टर मोबाईलचा टॉर्च चेंबरवर धरून, घड्याळाकडे बघत १५ सेकंद मोजायच्या. दहा-अकरा थेंब आले की पुढची खाट. बाटलीला उभी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने खुणा: १२ वाजता इथे, १ वाजता इथे. लांबून एका नजरेत कळतं. ती चिकटपट्टी बघून मी गप्पच झाले. आमचं अर्धं काम तिने आधीच केलेलं होतं, फुकटात.

रात्री दोनला आमचा बझर वाजला. सहा पेशंट उठले, एक म्हातारबाबा घाबरून उठून बसले. सिस्टरने येऊन बझर बंद केला आणि म्हणाली, "मॅडम, मला तिकडं टेबलावर कळायला पाहिजे. पेशंटला उठवून मी काय करू?" दुसरी गोष्ट पहाटे लक्षात आली. दोन खाटांमध्ये एकच प्लग पॉईंट, त्यावर नेब्युलायझर, आणि तो मोकळा झाला की नातेवाईकांचा मोबाईल. आमचं यंत्र चार्ज करायला जागाच नव्हती.

म्हणून सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधी किमान तीन प्रकारच्या ठिकाणी बसून या: एक मेडिकल कॉलेज, एक ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि एक लहान खाजगी नर्सिंग होम. वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या, पेशंटचे फोटो काढू नका. उपकरणाला हात कोण लावणार, ते कशाने पुसलं जाणार (बहुतेक वेळा स्पिरिट किंवा हायपोक्लोराइट हे जंतुनाशक), रात्री कुठे ठेवणार, आणि बंद पडलं तर बोलणी कोण खाणार, एवढं वहीत उतरवून आणा. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्याला बोलणी बसणार तो तुमचं उपकरण वापरायचं की कपाटात ठेवायचं हे ठरवतो, मग खरेदी कुणीही केलेली असो.

बोलण्याआधी पेटंटचा अर्ज

नवख्या माणसाची सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. उपकरण चाललं की आनंदाच्या भरात आपण कॉन्फरन्सला पोस्टर लावतो, व्हिडिओ टाकतो, थीसिस लायब्ररीत जमा करतो. हे सगळं पेटंटच्या भाषेत जाहीर करणं झालं. एकदा गोष्ट जाहीर झाली की ती 'नवी' राहत नाही, आणि जे नवं नाही त्यावर पेटंट मिळत नाही. कायद्यात काही मोजक्या सवलती आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. आमचं पोस्टर अर्जाच्या पाच आठवडे आधी लागलं होतं. मूळ चिमटीवरचा हक्क आम्ही तिथेच गमावला. पुढे वाचलं ते फक्त नंतर केलेल्या सुधारणांवरचं पेटंट.

हा नियम जाचक वाटला तर हळदीची गोष्ट आठवा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द करून घेतलं. हत्यार कोणतं वापरलं? जुने ग्रंथ आणि छापील लेख, म्हणजे 'हे आधीच जाहीर आहे' याचा पुरावा. ज्या नियमाने आपली हळद वाचली, तोच नियम तुमच्या पोस्टरलाही लागू होतो.

करायचं काय? आधी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि गुगल पेटंट्सवर तुमच्यासारखं कुणी केलंय का ते शोधा. इथे दोन दिवस गेले तर दोन वर्षं वाचू शकतात. मग तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज टाका. त्या तारखेपासून पूर्ण अर्ज द्यायला १२ महिने मिळतात, त्या काळात चाचण्या करता येतात. व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्टार्टअप म्हणून ऑनलाईन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे. एजंटची फी वेगळी आणि ती खरी मोठी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. डॉक्टरांनी एक लक्षात ठेवावं: भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे माणसावर उपचार करण्याची पद्धत पेटंट होत नाही. शस्त्रक्रियेची नवी रीत पेटंट होणार नाही, त्यासाठी केलेलं नवं अवजार होऊ शकतं. वनस्पतीवर किंवा कुठल्याही भारतीय जैविक सामग्रीवर काम असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या अटीही आधीच विचारून घ्या.

आणि मालकी. लॅब कॉलेजची, कल्पना गाईडची की तुमची, पार्ट कुणाच्या पैशातून आले, पेशंट कुठल्या हॉस्पिटलचे? हे सगळं गोडीगुलाबीचे दिवस असतानाच कागदावर घ्या. संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण मागून घ्या. धोरण नसेल तर दोन पानी करार तरी करा. पुढे जी कंपनी किंवा गुंतवणूकदार भेटेल, तो पहिल्याच बैठकीत हे कागद मागणार.

प्रत्येक गोष्टीला पेटंट हवंच असंही नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून वाटलं आणि सुमारे ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्या पाण्याला पेटंटची गरज नव्हती, ते जितक्या जास्त लोकांना बनवता येईल तितकं बरं होतं. तुमचं संशोधन या जातीचं असेल तर ते खुशाल खुलं करा. पण ज्याला कारखाना, चाचण्या आणि लायसन्स लागणार, त्यात पैसा घालणाऱ्याला काही संरक्षण द्यावंच लागतं.

किंमत आधी, उपकरण नंतर

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे कॉलेजात कुणी शिकवत नाही.

आपल्याकडे उलटा क्रम असतो. आधी उपकरण करायचं, मग पार्टची बेरीज, तिच्यावर नफा, आणि आकडा ऐकून हॉस्पिटलवाले हसले की सरकारला दोष द्यायचा. याच्या बरोबर उलट चाललेलं काम पुण्यातच झालंय. १९९६-९७ साली आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात मेनिंजायटिसची भयंकर साथ आली. सुमारे अडीच लाख लोकांना लागण, २५ हजार मृत्यू. २००१ साली पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून लसीचा प्रकल्प हाती घेतला आणि सगळ्यात आधी आफ्रिकी देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं, तुम्हाला काय परवडेल? उत्तर आलं, डोस अर्ध्या डॉलरच्या आत. मग त्या आकड्यात बसेल असा रस्ता शोधला गेला. लशीतले घटक एकमेकांना जोडण्याचं तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामकाच्या, प्रयोगशाळेतून आलं आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलं. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली, किंमत ठरल्याप्रमाणे अर्ध्या डॉलरच्या आत. पुढे, २०१२ साली, ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवायलाही मान्यता मिळाली. बर्फ न्यायची सोय नसलेल्या गावात लस पोचणार की नाही हे अशा गोष्टींवर ठरतं.

तुमच्या पातळीवर याचा अर्थ असा. वॉर्डात बसलात तेव्हाच विचारून घ्या: हे विकत कोण घेणार? पेशंट स्वतःच्या खिशातून, नर्सिंग होमचे मालक डॉक्टर, की सरकार टेंडर काढून? तिघांचे आकडे वेगळे, तिघांची निर्णय घ्यायची वेळही वेगळी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये हॉस्पिटलला पॅकेजचा ठरलेला दर मिळतो. तुमच्या वस्तूचा खर्च त्याच दरातून जाणार असेल तर हॉस्पिटल पै-पैचा हिशेब करणार, आणि त्याचं बरोबरच आहे. एक आकडा ठरवा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. त्यातून जीएसटी, डिस्ट्रिब्युटरचं कमिशन, पॅकिंग, वाहतूक, वॉरंटीत बदलून द्यायचे नग, चाचण्यांचा खर्च वजा करत जा. तळाला जे उरेल तेवढ्यात उपकरण बनलं पाहिजे. आमच्या बाबतीत तळाला उरलेल्या रकमेत छोटा स्क्रीन बसत नव्हता. तो काढून टाकला. सिस्टरना तो नकोच होता.

मोडून बघा

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयाचे सर्जन डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या इंजिनिअर सहकाऱ्यांनी हृदयाची झडप बनवायला घेतली ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस. परदेशी झडप इथल्या सामान्य पेशंटच्या आवाक्याबाहेर होती. पहिली तीन मॉडेलं फसली. चौथं टिकलं: क्रोम-कोबाल्टची चौकट, अत्यंत चिवट प्लास्टिकची तबकडी आणि शिवायला पॉलिएस्टरची कडा. पहिल्या पेशंटला ती बसली डिसेंबर १९९० मध्ये.

एवढी वर्षं का लागली हे साधं गणित सांगतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर झडप वर्षाला ३ कोटी ६० लाखांहून जास्त वेळा उघडते-मिटते. दहा वर्षांत ३६ कोटींहून जास्त. एकदा जरी अडकली तर माणूस जातो. तीन मॉडेलं टाकून द्यायचं धैर्य ज्यांनी दाखवलं, त्यांच्यामुळे पुढचे पेशंट वाचले. मला हा आपल्या वैद्यकीय संशोधनातला सगळ्यात अभिमानाचा भाग वाटतो, आणि तो उद्घाटनाच्या फोटोत कधी दिसत नाही.

तुमच्या उपकरणाचे 'ठोके' कोणते ते ठरवा. आमच्यासाठी ते होतं सलाईन स्टँडवरून फरशीवर पडणं आणि हायपोक्लोराइटने रोज पुसलं जाणं. चिमटी पन्नास वेळा पाडली, अकराव्या वेळी पहिली चीर दिसली. मटेरियल बदललं. हे सगळं घरच्या घरी, फुकट होतं. त्यानंतरच पैसे देऊन करायच्या चाचण्यांकडे वळा: विजेच्या उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०६०१, शरीराला लागणाऱ्या मटेरियलसाठी आयएसओ १०९९३, धोक्यांचा आराखडा मांडायला आयएसओ १४९७१. धोक्यांचा आराखडा पहिल्या दिवसापासून लिहा. शेवटी एका रात्रीत लिहिलेला आराखडा तपासनीसाला लगेच ओळखू येतो.

परवानग्यांचा क्रम

इथे लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही, क्रम चुकवू नका म्हणजे झालं.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू आहेत. धोक्यानुसार चार वर्ग: ए मध्ये कापूस-ड्रेसिंगसारख्या वस्तू, बी मध्ये थर्मामीटर आणि बीपीचं यंत्र, सी मध्ये व्हेंटिलेटर, डी मध्ये हृदयाची झडप. सीडीएससीओने, म्हणजे केंद्राच्या औषध-उपकरण नियंत्रण संस्थेने, याद्या प्रसिद्ध केल्या आहेत, त्यात आपलं उपकरण शोधा. निदान करणारं किंवा उपचार सुचवणारं सॉफ्टवेअरही यात येतं, ॲपवाल्यांनी गाफील राहू नये. ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचं लायसन्स राज्याकडून, आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतं. सी आणि डी साठी थेट सीडीएससीओ.

बाजारासाठी नव्हे, फक्त चाचणीसाठी थोडे नग बनवायचे असले तरी लायसन्स लागतं, फॉर्म एमडी-१३. हे बहुतेकांना माहीतच नसतं आणि नंतर चाचण्यांचे अहवाल अडतात. तुमच्यासारखं उपकरण भारतात आधीच मंजूर असेल तर काम बरंच सोपं होतं, त्याच्याशी तुलना दाखवता येते. अगदी नवं असेल तर पेशंटवर अभ्यास करायला एमडी-२३ ची परवानगी, त्यासोबत एथिक्स कमिटीची मान्यता, आणि पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंदणी. कारखान्याच्या पद्धतीसाठी आयएसओ १३४८५ या गुणवत्तेच्या मानकाचं वळण लावून घ्या. स्वतःचा कारखाना हवाच असं नाही, लायसन्स असलेल्या उत्पादकाकडून बनवून घेता येतं.

एथिक्स कमिटीकडे अडथळा म्हणून बघू नका. कमिटीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक असतो. आमच्या मराठी संमतीपत्रात 'यादृच्छिक पद्धतीने विभागणी करण्यात येईल' असं वाक्य होतं. कमिटीतल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "हे माझ्या आईला वाचून दाखवलं तर ती सही करेल, पण तिला कळणार नाही." आम्ही लिहिलं: 'कुणाला नवीन यंत्र लावायचं आणि कुणाला नेहमीची पद्धत, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. डॉक्टर ठरवणार नाहीत, तुम्हीही नाही. नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, उपचार तसेच चालू राहतील.' सह्यांना वेळ लागला. पण नातेवाईकांनी प्रश्न विचारले, आणि त्यातल्या एका प्रश्नामुळे आम्ही चिमटीची कड गोल केली.

पैसा आणि आधार

नमुना बनवायला केंद्राच्या निधी-प्रयास योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळते. पुढच्या टप्प्याला बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' नावाचं अनुदान आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. अर्ज भरायला पुण्याचं व्हेंचर सेंटर किंवा आयआयटी मुंबईचं साइन अशी इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणारी केंद्रं, मदत करतात. आयआयटी मुंबईतल्या बेटिक या वैद्यकीय उपकरण केंद्राने तर डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसवून उपकरणं घडवायची रीतच पाडली आहे. अनुदानाच्या अर्जात लोक यंत्राचं वर्णन पानंच्या पानं करतात. तुम्ही वॉर्डातली ती वही पुढे ठेवा.

स्वतः कंपनी काढायची की तंत्रज्ञान द्यायचं?

दोन्ही वाटा चालतात. चित्रा झडप संस्थेने टीटीके समूहाला दिली. संशोधक संशोधक राहिले, उत्पादन ज्यांना येतं त्यांनी केलं. उलट, नेक्सकार-१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराची गोष्ट. आयआयटी मुंबईचे प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेतलं काम आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांची साथ यातून २०१८ साली इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली. जून २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात पहिल्या पेशंटला उपचार दिले, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशात काही कोटींना पडणारा उपचार इथे ३०-४० लाखांच्या आसपास आला. सामान्य घराला तोही जडच आहे, पण अशक्य आणि जड यात फरक असतो. तिथे पेशंटच्याच पेशी घेऊन, प्रयोगशाळेत बदलून परत द्यायच्या असतात. असं काम दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवणं अवघड, म्हणून कंपनी काढणं योग्य ठरलं.

तुमच्या टीममधला एक तरी माणूस पुढची पाच वर्षं पूर्णवेळ याच कामाला देणार असेल तर कंपनी काढा. सगळेच ओपीडी सांभाळून करणार असाल तर चांगला उत्पादक शोधून लायसन्स द्या. करारात एक अट जरूर घाला: ठराविक काळात उत्पादन सुरू केलं नाही तर हक्क परत तुमच्याकडे. नाहीतर कपाट फक्त बदलतं.

विकल्यानंतर

सरकारी खरेदीत टेंडरला मागच्या वर्षांची उलाढाल आणि अनुभव मागतात. स्टार्टअपना काही ठिकाणी सूट असते, जीईएम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी करून ती तपासा. सुरुवातीला मात्र तुम्हाला ओळखणारी चार-पाच खाजगी हॉस्पिटलं बरी, पैसे वेळेवर येतात आणि तक्रार थेट तुमच्यापर्यंत पोचते.

ट्रेनिंग तिन्ही पाळ्यांना द्या, फक्त सकाळच्या पाळीला देऊन उपयोग नाही. सिस्टरच्या बदल्या होतात, म्हणून मराठीत चार चित्रांचं एक कार्ड यंत्राला दोरीने बांधून ठेवा. उपकरणामुळे पेशंटला काही इजा झाली किंवा होता होता वाचली, तर मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाकडे कळवा. ते लपवणाऱ्या कंपनीवर डॉक्टर पुन्हा विश्वास ठेवत नाहीत.

आणि वॉर्डात एक वही ठेवून या. आमच्या वहीत पहिल्या महिन्यात नऊ नोंदी झाल्या. सिस्टरच्या टेबलावरचा दिवा आता बझरशिवाय लुकलुकतो, त्याबद्दल एकही तक्रार नव्हती. पाच नोंदी एकाच गोष्टीच्या होत्या, वेगवेगळ्या अक्षरांत: 'हूक वाकतो.' दुसऱ्या बॅचला हूक स्टीलचा केला.